भीती वाटते म्हणजे श्रद्धा कमी आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पतीचं हृदयाचं मोठं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मी रोज रामरक्षा म्हणते, देवावर विश्वास आहे, पण रात्री दोन-तीनच्या सुमारास जाग येते आणि छाती धडधडायला लागते. गेल्या वर्षी धाकटा भाऊ गेला. त्याच्यासाठीही आम्ही सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली होती. जवळची माणसं म्हणतात, एवढी भीती वाटते म्हणजे श्रद्धा कुठेतरी कमी पडते आहे. देव रक्षण करतो यावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

ताई, ‘श्रद्धा कमी पडते आहे’ हे वाक्य आधी निकालात काढू. मी कीर्तन-प्रवचनं करते, पण त्याहून जास्त वेळ माझा गेला तो आजाऱ्यांच्या उशाशी आणि माणूस गेलेल्या घरांत. तिथे हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता बोलणाऱ्याला मी सरळ थांबवते. घाबरलेल्या माणसाला त्याने आणखी एक भीती मिळते: मी घाबरले, म्हणून देव पाठ फिरवेल आणि मग खरंच वाईट होईल. ऑपरेशनची भीती समजण्यासारखी आहे. ही दुसरी मात्र माणसांनी लावून दिलेली आहे आणि रात्रीची झोप बहुतेक वेळा तीच उडवते.

अर्जुनाचंच बघा. गीतेच्या पहिल्या अध्यायात तो स्वतःच्या अंगाचं जे वर्णन करतो ते एखाद्या डॉक्टरने केसपेपरवर उतरवून घ्यावं असं आहे. तोंडाला कोरड, अंगाला कंप, अंगावर काटा, त्वचेची आग, हातातून धनुष्य गळतंय, उभं राहवत नाही, मन गरगरतंय. आणि हे सगळं साक्षात कृष्ण लगाम धरून पुढ्यात बसलेला असताना. कृष्णाने त्याला कच खाल्ल्याबद्दल चांगलं सुनावलं, पण ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही म्हणून तुला कापरं भरलंय’ असं काही म्हटलं नाही. पुढे सातव्या अध्यायात देवाकडे येणाऱ्या चार प्रकारच्या माणसांची नावं येतात, त्यात पहिलं नाव आर्ताचं आहे. संकटात सापडून हाक मारणारा. ज्ञानी सर्वांत प्रिय हे खरं, पण चौघांनाही देव पुण्यवान म्हणतो, उदार म्हणतो. ‘गरज पडली की देव आठवतो’ हा टोमणा आपण मारतो, तो गीतेत नाही.

दुसऱ्या परंपरांतही हेच दिसतं. बायबलमधल्या छप्पन्नाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटणारच नाही, असा त्याचा दावा नाही. ती वाटली की काय करायचं, एवढं त्याने ठरवून ठेवलंय. येशू पकडला गेला त्याच रात्री, त्याच्या थोडं आधी, गेथशेमाने बागेत ‘हा प्याला माझ्यावरून टळो’ अशी प्रार्थना करतो, तेव्हा तो व्याकूळ झालेला आहे. त्याला कुणी अश्रद्ध म्हणेल का?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की भरवसा मनात आपोआप उमटेल आणि मग भीती जाईल, अशी वाट बघत बसू नका. भरवसा करायचा असतो, तोंडाने, हाताने, पायाने. तो करताना भीती शेजारी बसलेली असली तरी चालते.

आता अवघड भाग, तुमचा भाऊ. देव रक्षण करतो असं म्हणायचं आणि भाऊ तर गेला. हे दोन्ही एका तोंडाने कसं बोलायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. ऑपरेशनने तो फक्त वर काढला.

महाभारतात कृष्णाच्या सगळ्यांत जवळ कोण होतं? पांडव. त्या पांडवांच्या घरात काय झालं? अभिमन्यू, कृष्णाचा सख्खा भाचा, चक्रव्यूहात मारला गेला. द्रौपदीचे पाचही मुलगे युद्ध संपल्यावर, झोपेत, अश्वत्थाम्याने मारले. ‘माझ्या भक्ताचा नाश होत नाही’ हे वचन ज्याने दिलं त्याच्याच माणसांच्या घरात हे घडलं, आणि ग्रंथाने ते लपवलेलं नाही. त्यानंतरचा एक प्रसंग भागवताच्या पहिल्या स्कंधात, आठव्या अध्यायात आहे. गेलेल्यांना गंगेवर पाणी देऊन झालंय. कृष्ण द्वारकेला निघालाय. तेव्हा कुंती त्याला थांबवून बोलते. ती एकेक संकट नाव घेऊन मोजते: विष, मोठी आग, नरभक्षक राक्षस, दुष्टांची सभा, वनवासाचे हाल, लढायांमधली महारथींची अस्त्रं आणि आत्ताचं अश्वत्थाम्याचं अस्त्र. या सगळ्यांतून तू आम्हाला राखलंस, असं ती म्हणते. नातवंडांच्या चिता अजून निवल्या नसतील अशा वेळी एक आजी हे बोलते आहे. नातवंडं गेली म्हणून आधी वाचलो ते खोटं होतं, असा हिशोब ती मांडत नाही. वाचलो म्हणून गेलेल्यांचं दुःख नाही, असंही नाही. दोन्ही खरं धरून ती त्याच्याशी बोलत राहते. मला विचाराल तर श्रद्धेचं इतकं सरळ, डोळे उघडे ठेवून केलेलं बोलणं फार थोड्या ठिकाणी सापडतं.

तुकोबांचंही तेच. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी ‘अन्न अन्न करितां’ गेली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मुलगाही गेला, दुकान बुडालं, लोकांत मान राहिला नाही. त्याच तोंडाने पुढे म्हटलं, ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती । चालविसी हातीं धरूनियां’. वाटेत काटा नसेल, असं त्यांनी कुठेच म्हटलं नाही. बरोबर कोण आहे, ते सांगितलं.

रक्षण या गोष्टीकडे आपण नकळत विम्यासारखं बघतो. हप्ता भरला, आता नुकसान होता कामा नये. जपाची संख्या, पारायणं, उपास हे सगळे हप्ते. मग नुकसान झालं की एक तर कंपनी खोटी किंवा हप्ता चुकला. तुमच्या भावाच्या बाबतीत कुणी ना कुणी ‘प्रार्थनेत काही कमी राहिलं असेल’ असं पुटपुटलंच असणार. ते मनातून काढून टाका. अमेरिकेत २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या बायपासच्या १८०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्या दोन गटांत ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ते प्रमाण उलट थोडं जास्त निघालं, ५९ टक्के विरुद्ध ५२ टक्के. याने देव आहे किंवा नाही, काहीच सिद्ध होत नाही. पण नाणं टाकलं की वस्तू बाहेर, अशी प्रार्थना चालत नाही, हे कुणाही खऱ्या भक्ताने आधीच सांगितलं असतं.

भाऊ का गेला याचं उत्तर मी देणार नाही. शोकघरात बसून ‘कर्मभोग’, ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’ असली उत्तरं देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बायबलमधल्या इयोबाचे मित्र त्याच्या दुःखात सात दिवस, सात रात्री नुसते गप्प जमिनीवर बसले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याच्या दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली. शेवटी देव रागावतो तो कारणं सांगणाऱ्या मित्रांवर. देवाशी भांडणाऱ्या इयोबाला मात्र तो जवळ करतो. तेव्हा भावासाठी देवावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा. त्याच्याशी बोलणं बंद करण्यापेक्षा ते बरं.

आता भरवसा करायचा म्हणजे काय. वैष्णव आचार्यांनी शरणागतीची सहा अंगं सांगितली आहेत, पांचरात्र नावाच्या जुन्या वैष्णव ग्रंथांत ती येतात. देवाला रुचेल तसं वागायचा निश्चय, त्याच्या विरुद्ध जाईल ते सोडणं, तो राखील हा विश्वास, तूच माझा राखणदार हो अशी विनंती, स्वतःला त्याच्या हाती सोपवणं आणि आपलं बळ पुरत नाही हे कबूल करणं. यातला क्रम बघा. ‘तो राखील’ हा विश्वास तिसऱ्या जागी आहे. त्याच्या आधी दोन्ही अंगं वागण्याची आहेत. म्हणजे आधी हातपाय हलवायचे. चौथं अंगही गंमतीचं आहे. विश्वास असूनही विनंती वेगळी करावीच लागते, शब्दांत. बऱ्याच भाविकांची इथे अडचण होते, ‘देवाला सगळं कळतं, वेगळं काय मागायचं?’ मागा. अमुक तारखेला अमुक ऑपरेशन आहे, सर्जनचे हात स्थिर राहू देत, यांचं मन शांत राहू दे, माझे पाय जमिनीवर राहू देत. मोघम प्रार्थनेने मोघमच धीर येतो.

केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली हीच गोष्ट वेगळ्या बाजूने मांडली. संकटात श्रद्धाळू माणसं तीन तऱ्हांनी वागतात असं त्यांच्या पाहणीत दिसलं. काही सगळं देवावर सोडून गप्प बसतात. काही देवाने बुद्धी दिली आहे, आता माझं मी बघतो म्हणतात. आणि काही देवाला बरोबर घेऊन काम करतात, थोडं तू, थोडं मी. साधारणपणे तिसऱ्या तऱ्हेची माणसं जास्त सावरलेली आढळतात. पार्गामेंट यांच्याच २००१ सालच्या एका अभ्यासात आजारी वृद्धांविषयी आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. देवाने मला टाकलं, देव मला शिक्षा करतो आहे, या विचारात जे अडकले होते त्यांच्यात पुढच्या दोन वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असं आजाऱ्याच्या घरात बोलणारे काय पेरतात, याचा अंदाज यावरून यावा.

म्हणजे देवावर भरवसा आहे म्हणून गोळ्या चुकवायच्या, तपासण्या टाळायच्या, हे भरवशात बसत नाही. त्याला परीक्षा पाहणं म्हणतात. येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन सैतान म्हणतो, ‘खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय.’ तो ज्या एक्याण्णवाव्या स्तोत्राचा हवाला देतो, ते रक्षणाचंच स्तोत्र आहे, आजही असंख्य लोक भीतीच्या वेळी म्हणतात ते. येशू उत्तर देतो की तुझ्या देवाची परीक्षा पाहू नकोस. वचन खरं असूनही ते चुकीच्या कामाला जुंपता येतं. मुहम्मद पैगंबरांची एक हदीस, म्हणजे त्यांच्या बोलण्याची जपून ठेवलेली आठवण, प्रसिद्ध आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं एकाने विचारलं, तर ते म्हणाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. आणि हे विषय सोडून वाटेल, पण सांगून टाकते: घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘देवावर भरवसा ठेव, सगळं ठीक होईल’ असं सांगून परत पाठवणं हे पाप आहे. तिच्यासाठी भरवसा म्हणजे दाराबाहेर टाकलेलं पाऊल.

तुमच्या रात्रीकडे येते. दोन-तीनला जाग येते तेव्हा अंथरुणात पडून विचारांशी वाद घालू नका. तो वाद त्या वेळी कुणीच जिंकत नाही. उठून बसा, तळपाय जमिनीला टेकवा, दिवा लावावासा वाटला तर लावा. मग रामरक्षा म्हणा, पण संध्याकाळी म्हणता तशी नको. संध्याकाळची भरभर, सवयीने म्हटली जाते, त्यात मन दुसरीकडे असलं तरी ओठ चालू राहतात. रात्रीची अगदी सावकाश, पुटपुटत का होईना पण आवाज काढून म्हणायची. अख्खी म्हणायची गरज नाही, कवचाचा भाग पुरतो. ‘शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः’, इथून डोकं, कपाळ, मग डोळे, कान, नाक, तोंड असं एकेका अवयवाचं नाव येत पायांपर्यंत जातं. जो अवयव येईल तिथे हात ठेवा किंवा नुसतं लक्ष न्या. या प्रकारच्या स्तोत्रांची रचना मला नेहमीच थक्क करते. भीती माणसाला पुढच्या आठवड्यात, ऑपरेशनच्या खोलीत, स्मशानात, कुठे कुठे फिरवून आणते. कवच त्याला पुन्हा स्वतःच्या कपाळाशी, खांद्याशी, गुडघ्याशी आणून बसवतं. आणि हृदयाचं नाव येईल तेव्हा ‘माझ्या’ ऐवजी पतीच्या हृदयासाठी म्हणा, त्याला कुठलाही शास्त्री हरकत घेणार नाही. घेतली तर माझं नाव सांगा.

सावकाश का, याचंही कारण आहे. लुसियानो बर्नार्डी यांच्या गटाने इटलीत केलेला एक अभ्यास २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. त्यांनी लोकांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदय आणि रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळल्या. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, श्वास मात्र एकच. रामरक्षेच्या अनुष्टुप छंदातली एक ओळ एका उच्छ्वासात संथ म्हटली तरी श्वास असाच लांबतो. याला कुणी ‘मग देव कुठे आला, हे तर शरीरशास्त्र’ म्हणेल. मला त्यात विरोध दिसत नाही. धीर शरीरातूनच यायचा असतो, दुसऱ्या कुठून येणार?

रामरक्षा म्हणून झाली की एका कागदावर त्या क्षणी डोक्यात काय चाललंय ते लिहा. ज्या काळजीला काही काम करता येतं, ती एका बाजूला: सर्जनला विचारायचे प्रश्न, रक्ताची सोय, पैशांची व्यवस्था, मुलांकडे कोण राहील. ती उद्याची कामं आहेत, सकाळी करायची. ज्या काळजीला कुठलंच काम करता येत नाही, ‘हे वाचतील ना?’, ती दुसऱ्या बाजूला लिहा आणि त्याच्यापुढे देवाचं नाव लिहा. शरणागतीतलं सोपवणं ते हेच. रोज रात्री पुन्हा तेच सोपवावं लागेल, कारण सकाळी आपण ते परत उचलून घेतो. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

दिवसा, जमेल तेव्हा, कुंतीसारखी यादी करा. आजवर कुठे कुठे निभावलं, कोण अचानक धावून आलं, कुठला दरवाजा बंद झाला असं वाटताना दुसरा उघडला. सरळ नावं, प्रसंग लिहा. भावाच्या आजारपणातलंही त्यात येऊ द्या, कारण त्या दिवसांतही कुणीतरी रात्र जागवली असेल, कुणी न सांगता पैसे भरले असतील. तो वाचला नाही आणि तरीही तुम्ही एकट्या नव्हता. या यादीचा उपयोग ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसलेलं असताना होतो, तेव्हा नवीन काही सुचत नाही. आणि माणसांची मदत आली की ती घ्या. ‘कशाला त्रास’ म्हणत डबा परत पाठवणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत, संध्याकाळी त्याच ‘देवा, धाव’ म्हणत असतात. तो बहुधा डबा घेऊनच आलेला असतो.

कधी कधी जप करूनही आत काहीच होत नाही. कोरडं, पोकळ वाटतं, शब्द नुसते तोंडातून जातात. त्यासाठी दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचा एक जुना वाद सांगते. वडकलै पंथ म्हणतो, भक्ताने माकडाच्या पिलासारखं आईला घट्ट धरायला हवं. तेंकलै पंथ म्हणतो, भक्त मांजरीच्या पिलासारखा असतो, त्याला काही धरावं लागत नाही, आईच मानगुटीला धरून उचलून नेते. पंडितांनी यावर शतकानुशतकं डोकं लढवलंय. माझा अनुभव असा की दिवसा बहुतेक जण माकडं असतात आणि पहाटे तीनला मांजरी. ज्या रात्री धरायला बळ नाही त्या रात्री ‘मला धरता येत नाहीये, तू धर’ एवढं म्हणून आडवं व्हायला पूर्ण मुभा आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही भीती प्रार्थनेच्या जोडीने उपचारही मागते. बरेच दिवस झोप जवळजवळ नाहीच, अन्न जात नाही, दिवसाही अचानक दम कोंडून आता मरतो असं वाटतं, भावाच्या पाठोपाठ आपणही जावं असे विचार येतात, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, आणि शेवटचं लक्षण असेल तर त्याच दिवशी. तसंच, जपात एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा, नाही केलं तर यांचं काही बरंवाईट होईल, असं तासन्‌तास चालत असेल तर तो भक्तीचा अतिरेक समजून कौतुक करू नका. तो मंत्रचळाचा आजार असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. औषध घेतल्याने भरवसा उणा होत नाही, उंट बांधल्यासारखंच ते.

धैर्याबद्दल थोडं. लोकांना वाटतं धैर्य म्हणजे छातीत काहीतरी भरून येणं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला ‘शोक करू नकोस’ म्हणतो, मी तुला सोडवीन म्हणतो. त्यानंतर युद्ध रद्द झालं का? अर्जुन उत्तर देतो, ‘तू सांगशील ते करीन’, आणि लढाईला उभा राहतो. एवढं मोठं आश्वासन मिळूनही काम तेच राहिलं, फक्त ते करायला हात मोकळे झाले. म्हणून रोज सकाळी स्वतःला विचारा की भीतीमुळे आज मी काय टाळते आहे. बहुधा उत्तर अगदी साधं निघतं. सर्जनला विचारायचा एखादा प्रश्न. बँकेचे कागद. पतीशी मोकळं बोलणं. त्यातलं एक त्या दिवशी करायचं.

पतीशी बोलणं हे सगळ्यांत आधी. घाबरले तेही आहेत. तुम्ही त्यांच्यासमोर हसता, ते तुमच्यासमोर हसतात आणि रात्री दोघं वेगवेगळे जागे. ‘काही होणार नाही’ असं त्यांना सांगू नका, ते तुमच्या हातात नाही आणि त्यांना ते माहीत आहे. ‘काय होईल ते माहीत नाही, मी इथेच आहे, आणि तोही आहे’, एवढं सांगता येतं आणि ते खरं आहे. त्यांनी वाईट शक्यतेबद्दल बोलायला सुरुवात केली, मुलांविषयी, पैशांविषयी, तर ‘अभद्र बोलू नका’ म्हणून तोंड दाबू नका. बोलू दिल्याने अपशकुन होत नाही. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकात तीन तरुणांना जळत्या भट्टीत टाकायची धमकी मिळते, तेव्हा ते राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला वाचवू शकतो, पण त्याने वाचवलं नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यातलं ‘नाही तरीही’ हे म्हणता आलं की मनातली बरीच ओढाताण थांबते. लगेच म्हणता येत नाही. तुम्हाला आज नाही आलं तर सक्ती करू नका, भावाचं दुःख अजून ओलं आहे.

देवाशी सौदा मात्र टाळा. ‘हे वाचले तर अमुक करीन’ असं बोललात की निकाल येईपर्यंत तुम्ही त्याच्याकडे भक्त म्हणून बघत नाही, गिऱ्हाईक म्हणून बघता. करायचं असेल ते आत्ताच करून टाका, अटीशिवाय. कुणाच्या औषधाला मदत करा, दवाखान्यात एकट्या बसलेल्या एखाद्या बाईशेजारी थोडा वेळ बसा. दुसऱ्याची राखण करताना आपली भीती थोडी सैल होते, हे मी वारंवार पाहिलंय. का होते ते नीट सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी लांबलचक पाठाचा आग्रह धरू नका. एक नाम किंवा एक ओळ ठरवून ठेवा आणि पतीलाही त्यांची ओळ आधीच विचारून ठेवा, ते आत जाताना ती म्हणायची. ओळखीच्यांना फोन करण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. पाणी प्या, वेळेवर खा. आणि पुढचंही आत्ताच ठरवून ठेवा: हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर बऱ्याच रुग्णांना काही दिवस उदास वाटतं, रडू येतं, चिडचिड होते, आणि जवळच्यांची दाबून ठेवलेली भीतीही सगळं पार पडल्यावर उफाळून येते. ‘आता तर नीट झालं, तरी का?’ असा प्रश्न तेव्हा पडेल. त्या आठवड्यात रात्री पाळीने बसायला कोण कोण येईल, त्यांची नावं या आठवड्यातच लिहून काढा. ही उदासी काही आठवडे उलटूनही हटली नाही, तर ती पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.